कूलर लावण्याआधी अर्थिंग बघा



होळी झाली की आपल्या वाशिम जिल्ह्यात घरोघरी एकच काम सुरू होतं. कोठ्यात, माळ्यावर, नाहीतर घरामागच्या टिनाखाली पडलेला कूलर बाहेर निघतो. धूळ झटकायची, जुनी ताटी काढून नवीन बसवायची, पंप चालतो का बघायचा आणि कूलर खिडकीला लावायचा. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. दिवसभर तापलेलं टिन रात्रीही गरम वाफ सोडतं. लहान लेकरं, म्हातारी माणसं, बाळंतीण यांना अशा घरात झोप लागणं कठीण. म्हणून कूलर ही आता चैनीची वस्तू राहिली नाही, गरजेची झाली आहे.

पण दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरात एक बातमी हमखास येते. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागला आणि जीव गेला. त्यात बाया असतात, खेळता खेळता कूलरला हात लावणारी लेकरं असतात. याचं कारण आपल्याला घरातच दिसतं. कूलर लावतात माणसं, हवा खातं सगळं घर, पण दिवसातून दोन-तीन वेळा बादली घेऊन त्याच्याजवळ जाते ती घरची बाई. हात ओले, पाय ओले, कधी अनवाणी. म्हणून हा लेख तुमच्यासाठी आहे. काम वायरमनकडूनच करून घ्यायचं. पण काय करून घ्यायचं, हे तुम्हाला माहीत पाहिजे.

कूलरमध्येच धोका जास्त का?

माठातलं पाणी जसं झिरपून, हवेत उडून गार होतं, तसंच कूलरचं आहे. पंप पाणी वर चढवतो, ताटी ओली राहते, पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या ताटीतून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता निघून जाते आणि घरात गार हवा येते.

शहरातल्या एसीत गार करण्याचं काम बंद नळ्यांमध्ये फिरणारा गॅस करतो. त्यात आपल्याला पाणी भरावं लागत नाही. कूलरमध्ये मात्र एकाच लोखंडी पेटीत टाकीभर पाणी, पाण्यात बुडालेला विजेचा पंप, वर पंख्याची मोटर आणि त्यांच्या वायरी असतात. पाणी आणि वीज यांच्यामध्ये उभं असतं ते फक्त वायरीवरचं प्लास्टिक आणि पंपाचं कवच.

ते कवच फाटायला बरीच कारणं आहेत. कूलर आठ महिने पडून असताना उंदीर वायर कुरतडतात. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे पत्र्याची धार तिला कापते. मागच्या वर्षी टेप गुंडाळून केलेला जोड ओला होतो. क्षाराच्या पाण्याने पंपावर खपली चढते, पंप तापतो आणि त्याचं कवच तडकतं. मग वीज पाण्यात उतरते, पाण्यातून पत्र्यात येते, आणि चालू कूलर वरून बघायला एकदम चांगला दिसतो.

"थोडासा करंट मारते, चालते"

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात, मग लेकरांना सांगायचं की तिकडे जाऊ नका, आणि वापर चालूच ठेवायचा. मैत्रिणींनो, झिणझिण्या म्हणजे वीज पत्र्यापर्यंत पोहोचली आहे. आज हात कोरडा होता, पायात चप्पल होती, म्हणून थोडीच वीज अंगातून गेली. उद्या हात ओला आणि पाय ओल्या जमिनीवर असेल तर तोच कूलर तोच करंट फार जोरात देतो.

हिशेब आपण बचतीचा करतो तसा याचाही करून बघू. घरातली वीज २३० व्होल्टची. अंगातून जाणारा करंट मिलिअँपिअरमध्ये मोजतात. १००० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअर.

- १ मिलिअँपिअरच्या आसपास: झिणझिण्या जाणवतात.
- १० च्या पुढे: हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. यालाच आपण "चिकटली" म्हणतो.
- ३० च्या आसपास आणि पुढे: श्वास अडकू शकतो.
- ५० ते १०० आणि पुढे: हृदयाचे ठोके बिघडून ते थांबू शकतं.

ओल्या हातापायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून २३० व्होल्टला साधारण २०० मिलिअँपिअर जाऊ शकतात. म्हणजे झिणझिण्या आणि मरण यांच्यात फरक आहे तो फक्त ओल्या हाताचा आणि ओल्या पायाचा.

"आमच्याकडे एमसीबी आहे ना!"

बऱ्याच घरी मीटरजवळ एमसीबी लावलेली असते. आपल्याला वाटतं, काही झालं तर ती पडेल. इथेच मोठी गैरसमजूत आहे. ६ अँपिअरची एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअरची. त्यापेक्षा जास्त करंट गेला तरच ती पडते. माणसाच्या अंगातून २०० मिलिअँपिअर जात असतील, तर एमसीबीला ते एखादा बल्ब लावल्यासारखं वाटतं. ती पडणार नाही. जुना फ्यूजही जळणार नाही. एमसीबी आणि फ्यूज हे वायरिंग जळू नये, घराला आग लागू नये म्हणून असतात. ते हवेतच. पण बाईचा जीव वाचवायला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक अर्थिंग, दुसरी आरसीसीबी.

पहिली गोष्ट: अर्थिंग

अर्थिंग म्हणजे पत्र्यात उतरलेल्या विजेला जमिनीत जायला दिलेली सोपी वाट. ही वाट चांगली असेल तर वीज तुमच्या अंगातून जाण्याऐवजी बहुतेक त्या वाटेने जाते. करंट मोठा झाला की एमसीबीही पडते आणि बिघाड आहे हे लगेच कळतं.

ही वाट कूलरपासून जमिनीपर्यंत सलग पाहिजे. मधे एका जागी तुटली की संपलं. म्हणून चार जागा बघायच्या.

कूलरची बॉडी. कूलरची वायर तीन तारांची पाहिजे. त्यातली हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार अर्थची. ती पत्र्याला स्क्रूने घट्ट कसलेली पाहिजे आणि तिथला रंग व गंज घासून काढलेला पाहिजे. रंगावर तार कसली तर जोड लागतच नाही.

प्लग. तीन पिनांमधली वरची जाड आणि लांब पिन अर्थची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग लावताना अर्थ आधी जुळतो आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतो. ती पिन तोडून दोन पिनांवर कूलर चालवणं, किंवा वायरीची टोकं सोलून तशीच बोर्डात खुपसणं, म्हणजे ही वाट आपल्या हाताने बंद करणं.

बोर्ड. बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. पुष्कळ घरी वरच्या भोकामागे तारच नसते. बाजारातल्या कितीतरी स्वस्त एक्स्टेंशन बोर्डांना भोकं तीन आणि आत तारा दोनच असतात. आणखी एक वाईट सवय म्हणजे काही जण बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. वरून सगळं ठीक चालतं. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटली की कूलरच्या पूर्ण पत्र्यात वीज येते. वायरमनला स्पष्ट विचारा: "अर्थची तार वेगळी ओढली आहे का?"

जमिनीतला रॉड. अर्थिंगचा पाइप किंवा रॉड साधारण आठ फूट खोल जायला पाहिजे. दोन फुटांवर मुरूम लागला म्हणून तिथेच थांबू देऊ नका. जागा बदला. न्हाणीचं पाणी मुरतं त्या बाजूची ओली जागा त्यातल्या त्यात चांगली. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात सुकते, आकसते, तिला भेगा पडतात आणि ती रॉडपासून सुटते. कोरडी माती वीज नीट घेत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो, नेमकं त्याच महिन्यांत आपलं अर्थिंग कमजोर होतं. म्हणून कूलर चालू आहे तोवर अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एक-दोन वेळा बादलीभर पाणी ओतत जा. न्हाणीचं वापरलेलं पाणीही चालतं.

दुसरी गोष्ट: आरसीसीबी

अर्थिंग कमजोर झालं तर काय, म्हणून ही दुसरी राखण. दुकानात कोणी आरसीसीबी म्हणतं, कोणी जुन्या सवयीने ईएलसीबी. तिचं काम सोपं आहे. एका तारेतून जेवढी वीज घरात गेली, तेवढीच दुसऱ्या तारेने परत आली का, हे ती सतत मोजते. वाटेत थोडीशी जरी वीज माणसाच्या अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत गेली, की हिशेब जुळत नाही आणि ती दोन्ही तारा तोडते. आपल्या गटाच्या वहीत जमा आणि खर्च जुळला नाही की आपण बैठक थांबवतो, अगदी तसंच.

घरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्यावी. तेवढी गळती झाली की ती ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते, गळती मोठी असेल तर त्याहूनही लवकर. घेताना आयएसआय मार्क आणि त्यावर छापलेलं "३० एमए" नक्की बघा. दुकानात १०० आणि ३०० वालीही मिळते, ती जीव वाचवण्यासाठी नाही. किंमत साध्या कूलरपेक्षा पुष्कळ कमी पडते.

चार गोष्टी लक्षात ठेवा.

- आरसीसीबी असली तरी एमसीबी लागतेच. जादा लोडपासून आरसीसीबी वाचवत नाही.
- तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला तर ती जिवंत आहे. नाही पडला तर लगेच बदलायची.
- ती वारंवार पडत असेल तर घरात कुठेतरी गळती आहे, नाहीतर वायरिंग चुकलं आहे. "कटकट करते" म्हणून काढून टाकू नका. एकेक वस्तू बंद करून बघा, कूलर लावल्यावरच पडत असेल तर बिघाड कूलरमध्ये आहे.
- एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर तिला कळत नाही. म्हणून आरसीसीबी आहे म्हणून उघड्या तारांना हात लावायचा नाही.

कूलर लावायच्या दिवशी

कूलर बाहेर काढला की प्लग न लावता आधी नजरेने तपासा. वायर कुठे कुरतडली, सोलली, वितळली आहे का? असेल तर टेप गुंडाळू नका, अख्खी वायर बदला. पत्र्याच्या भोकात रबरी वायसर आहे का? पंपाची वायर फुगली किंवा कडक झाली आहे का? पंप तडकला असेल तर नवीन घ्या. वायरीचा जोड टाकीत किंवा ताटीजवळ अजिबात नको.

जागा खिडकीबाहेरची निवडा, कूलरची पाठ मोकळ्या हवेकडे. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. बंद खोलीत कूलर फक्त ओल वाढवतो, मग अंग चिकचिक होतं आणि गारवा लागत नाही.

स्टँड हलणारा नको. कूलर टिनाच्या भिंतीला, लोखंडी खिडकीला, किंवा कपडे वाळवायच्या तारेला टेकू देऊ नका. मधे लाकूड किंवा रबर ठेवा. टिनाच्या घराला कूलर टेकलेला असला आणि त्यात वीज उतरली, तर अख्ख्या भिंतीत वीज येते. तारेवर लुगडं वाळत घालणारीला कळतही नाही.

बोर्ड कूलरपासून हातभर दूर, पाणी उडणार नाही अशा कोरड्या जागी आणि लेकराचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर पाहिजे. जमिनीवर लोळणारं एक्स्टेंशन नकोच.

फायबरचा कूलर असेल तर "याला करंट लागत नाही" असं मानू नका. प्लास्टिकमधून वीज येत नाही, पण टाकीतल्या पाण्यातून येते. बाहेरून हात लावला तर काही जाणवत नाही आणि पाण्यात हात घातला की झटका बसतो.

टेस्टर पत्र्याला लावून बघता येतो. पेटला तर धोका नक्की, कूलर बंद. पण नाही पेटला म्हणजे सगळं ठीक, असं नाही.

पाणी भरताना

एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्या: आधी प्लग, मग पाणी.

नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण दोन तारांमधली एकच तोडतं. वायरिंग उलटं झालेलं असेल, तर बटण बंद असतानाही पंपापर्यंत वीज असते. प्लग काढला की दोन्ही तारा सुटतात. प्लग काढताना हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी, आणि वायर ओढायची नाही, प्लग धरायचा.

लाइट गेली म्हणून पाणी भरून घेऊ, असं कधी करू नका. हात टाकीत असताना लाइट येते. लाइट गेलेली असली तरी प्लग काढायचाच.

पाणी भरून झालं, आजूबाजूला सांडलेलं पुसलं, हात कोरडे केले, मगच प्लग लावायचा. लेकरांना पाणी भरायला पाठवायचं नाही.

आठवड्यातून एकदा प्लग काढून टाकी पूर्ण रिकामी करा, आतून ब्रशने घासा आणि सुकू द्या. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवीन डास तयार होतात. अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं पाणी बदलून चालत नाही. त्याच वेळी वायरीवरून एक नजर फिरवा.

कोणी चिकटलं तर

पहिली ओढ असते धावत जाऊन धरायची. तसं केलं की एकाऐवजी दोन जीव जातात. आधी मेन स्विच बंद करा किंवा प्लग काढा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी, चप्पल घालून उभं राहा आणि कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला कूलरपासून दूर ढकला. ओली काठी किंवा लोखंडी पाइप नको.

सुटल्यावर १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात आणि भराभर दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती दोन इंच खाली जाईल एवढं. गाडी येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याने घ्या. मातीत पुरणं, चिखल लावणं, तोंडात पाणी ओतणं यात तेवढा वेळ वाया जातो. आणि माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या. शॉकनंतर हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

गटाने काय करायचं

मीटरच्या पुढचं वायरिंग आणि अर्थिंग ही आपली स्वतःची जबाबदारी असते. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंतची, त्यातला बिघाड १९१२ वर कळवायचा. म्हणजे आपल्या घरातलं काम आपल्यालाच करून घ्यावं लागेल, आणि एकटीने करण्यापेक्षा गटाने केलं तर सोपं जातं.

येत्या बैठकीत प्रत्येकीला चार प्रश्न विचारा. कूलर आहे का? प्लगला तिन्ही पिना आहेत का? अर्थिंगचा रॉड कुठे आहे, हे माहीत आहे का? आरसीसीबी आहे का? उत्तरं गटाच्या वहीत लिहून घ्या. मग ग्रामसंघामार्फत परवाना असलेला एकच वायरमन ठरवा. त्याने एका दिवसात आठ-दहा घरं बघितली तर मजुरीही कमी पडते. ज्या ताईकडे पैसे नाहीत तिला अंतर्गत कर्ज द्या. आपण बी-बियाण्याला, आजारपणाला, लेकरांच्या शाळेला कर्ज देतो. हे कर्ज दोन-चार हप्त्यांत फिटेल एवढंच आहे. दशसूत्रीत आरोग्य आहेच, त्यात हे बसतं. आणि गावातल्या अंगणवाडीत, शाळेत कूलर असेल तर तिथेही हेच चार प्रश्न ग्रामसंघाने विचारावेत.

वायरमनचं काम झालं की त्याच्यासमोर आरसीसीबीचं बटण दाबून बघा आणि खटका पडलेला पाहूनच पैसे द्या. यंदा कूलर लावायच्या आधी एवढं करून घ्या.